गाडीचं तोंड तुळशीकडे

परतवाडा
६ डिसेंबर २०२४

मामा,

वाकून नमस्कार. वाकायची सध्या सवयच झाली आहे, कारण पंधरा दिवस मी रोज सकाळी गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेली असते.

तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा आचल वहिनींनी उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाल्या, बाबा फोनवर येत नाहीत. मला काय ते कळलं. अकोल्यात चाळीस वर्षं डिझेल पंप दुरुस्त केलेला मामा असताना मी गेल्या वर्षी हा जुना पिकअप तुम्हाला न दाखवताच घेतला, त्याचा राग आहे. राग बरोबरच आहे. पण फोनवरचा राग कागदावर नसावा असं धरून लिहिते आहे. पत्र पुंजाजींच्या हाती देते. ते परतवाडा-अकोला एसटीवर कंडक्टर आहेत, आमच्याच गल्लीतले, आणि तुम्ही संध्याकाळचा चहा स्टँडवर घेता हे त्यांना ठाऊक आहे.

तर दुखणं असं. नोव्हेंबरपासून मी दूध केंद्राचं काम धरलं आहे. डोंगराच्या पायथ्याच्या सहा गावांतून दुधाच्या कॅन उचलायच्या आणि साडेसातच्या आत परतवाड्याच्या शीतकरण केंद्रावर उतरवायच्या. जानेवारीअखेर पाहणार आणि मग वर्षाचं काम देणार. केंद्राचे खुशालराव लाल पेन खिशाला लावून दारातच उभे असतात. उशीर झाला की वहीत गाडीपुढे लाल शेरा. तीन शेरे झाले की ती गाडी बंद आणि दुसऱ्याची लागते. मला एक मिळालेला आहे.

कारण गाडी सकाळी सुरूच होत नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, खोकतं, आता पेट घेईल असं वाटतं आणि विझतं. दहा-पंधरा मिनिटांनी पांढरा धूर सोडत एकदाची उठते. उठली की मग दिवसभर तक्रार नाही. नाक्यावरच्या मिस्त्रीने आधी डिझेल फिल्टर बदलला, मग बॅटरीकडे बोट दाखवलं आणि शेवटी थंडीकडे.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. किशोर अमरावतीला गोदामात नोकरीला आहेत. शनिवारी दुपारी येतात, सोमवारी सकाळी जातात. ते घरी असले की रविवारी आणि सोमवारी ही बया अर्ध्या सेल्फात सुरू. त्यामुळे गल्लीने ठरवून टाकलं आहे की गाडी बाईच्या हाताला दाद देत नाही. किशोर तसं तोंडाने म्हणत नाहीत, फक्त किल्ली परत देताना हसतात. आता म्हणू लागलेत की विकून टाकू, अंजनगावचा एक जण विचारतो आहे.

मला गाडी विकायची नाही मामा. सहा गावांत सकाळी माझी वाट पाहणारी माणसं आहेत, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं आहे. काहीतरी सांगा.

तुमची,
रागिणी

*

अकोला
१० डिसेंबर २०२४

रागिणी,

खूप आशीर्वाद. पुंजाजीने पत्र चहाच्या कपाखाली सरकवलं आणि निघून गेला. अर्धं भिजलं, पण वाचता आलं.

रागाचं तूच लिहिलंस, मी वेगळं काही लिहीत नाही. फोन मला चालत नाही. फोनवर माणूस ‘मामा, सुरू होत नाही’ एवढंच सांगतो. लिहायला बसला की त्याला आधी गाडीकडे बघावं लागतं. तू लिहीतच जा.

तुमच्या मिस्त्रीने उलटीकडून सुरुवात केली. आधी सांग, सेल्फ जोरात फिरतो की रडत फिरतो? रडत असेल तर बॅटरी. तिची टोकं काढून गरम पाण्याने धू, वाळव आणि घट्ट बसव. सेल्फ जोरात फिरत असेल तर इंजिनाला डिझेल नीट पोचत नाही किंवा ऊब पोचत नाही, या दोनच गोष्टी. तिसरी गोष्ट लोक पैशासाठी काढतात.

मग गळती बघ. तीन रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथर. सकाळी डाग कुठे आहे ते कळव. एक गोष्ट मात्र नीट ऐक. इंजिन चालू असताना पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवून गळती शोधायची नाही. तिथला दाब चामडी फोडून डिझेल आत घालतो. माझ्या एका दोस्ताचं बोट त्यात गेलं. त्या नळ्या लांबूनच बघायच्या.

माझ्या दुकानात लोक गाडी बंद करायच्या आत मी तिचं दुखणं सांगायचो, तुझ्या आईला विचार. पण आता दुकान बंद आहे. गुडघे साथ देत नाहीत.

महादेव मामा

*

परतवाडा
१५ डिसेंबर २०२४

मामा,

तुमच्या शब्दाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. बॅटरीची टोकं धुतली. सेल्फ रडत नाही, उलट इतका जोरात फिरतो की शेजारी उठतात. बुधवार ते शुक्रवार तीन रात्री पुठ्ठा अंथरला. तिन्ही सकाळी कोरडा. एके दिवशी त्यावर मांजर झोपलेली होती, तिलाही डिझेलचा वास नव्हता. त्यामुळे गळती नाही हे नक्की.

गाडी मात्र तिन्ही दिवस रुसलेलीच. आज रविवार, किशोर घरी, म्हणून अर्ध्या सेल्फात सुरू. शेजारची शकुन भिंतीवरून पाहत होती. म्हणाली, ‘बाई, नवऱ्यालेच ठेवून घे घरी, डिझेल तरी वाचन.’ मी हसले, पण आत कुठेतरी लागलं.

मामा, तुम्ही आवाजावरून दुखणं सांगता हे आईने लहानपणी शंभरदा सांगितलं आहे. म्हणून मी शुक्रवारच्या सकाळचा गाडीचा आवाज मोबाईलवर घेतला आणि तुमच्या घरी नितेशदादाच्या नंबरवर पाठवला आहे. त्यात घंटी वाजते ती सासूबाईंची. त्या रोज सकाळी तुळशीला ओवाळतात आणि त्याच दिव्याने गाडीलाही. शेवटी मी काहीतरी बडबडले आहे, ते ऐकू नका. मोबाईल वेळेवर बंद करायचा राहिला.

अंजनगावचा माणूस येऊन गाडी पाहून गेला. आला शनिवारी संध्याकाळी, किशोरांनी किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू. त्याला फार आवडली. किशोरांनी त्याला जानेवारीअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आहे. म्हणजे मला दूध केंद्राचं काम मिळालं तर गाडी राहील, नाही तर जाईल.

रागिणी

*

अकोला
१९ डिसेंबर २०२४

रागिणी,

आवाज ऐकला. हीटर प्लग गेले आहेत. थंडीत इंजिनाला आधी ऊब लागते, ती मिळत नाही. चारही बदलून घे. दुसरं काही करायची गरज नाही.

महादेव मामा

*

परतवाडा
२७ डिसेंबर २०२४

मामा,

हीटर शनिवारी बदलले. रविवारी आणि सोमवारी गाडी छान सुरू झाली. मी सोमवारी गल्लीभर पेढे वाटले, म्हटलं अकोल्याच्या मामांनी घरबसल्या निदान केलं. मंगळवारी ती उठायला पंचवीस मिनिटं लागली. केंद्रावर पोचले तर आठला दहा कमी. दोन गावांचं दूध नासलं म्हणून परत न्यावं लागलं. त्या बायकांनी पहाटे उठून काढलेलं दूध मी त्यांच्याच दारात ओतून आले. दुसरा लाल शेरा बसला. आता एकच उरला आहे.

चूक कोणाचीही होते, तुमच्याही हातून होऊ शकते. पण काल मी आचल वहिनींना फोन केला. त्या साध्या आहेत, त्यांना काही लपवता येत नाही. म्हणाल्या, ‘बाबांनी मोबाईल कानाले लावला, डोळे मिटले, मान हलवली अन् मले परत देल्ला. मी पाह्यलं तं आवाज सुरूच नव्हता झाला.’

मामा, तुम्ही ऐकलंच नाही. न ऐकता चार ओळी लिहून मोकळे झालात. गाडी तुम्हाला न दाखवता घेतली ही माझी चूक, मी ती पहिल्याच पत्रात कबूल केली. त्यापेक्षा ‘मी काही सांगणार नाही’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. इतका राग असेल असं वाटलं नव्हतं.

तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही.

रागिणी

*

अकोला
३० डिसेंबर २०२४

रागिणी,

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. चाळीस वर्षं चालत्या इंजिनाला कान लावून उभा राहिलो, त्याचं हे फळ. दुकान गुडघ्यांमुळे बंद नाही केलं. बार्शीटाकळीचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला होता, म्हणाला जरा ऐका. मी ऐकल्यासारखं केलं आणि ठीक आहे म्हणालो. तो गावाबाहेर पडायच्या आत इंजिन जाम झालं. मी दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली नितेशच्या हातात दिली आणि गुडघ्यांचं नाव सांगितलं.

घरात मी मान हलवतो. सुनेला वाटतं सासरा तुसडा झाला. पुंजाजी चहाच्या टेबलाशी काय काय सांगतो, मी हसतो. फोनवर काय येऊ? तू रागाचं लिहिलंस तेव्हा मला बरंच वाटलं. रागीट म्हणवून घेणं सोपं होतं. ज्याचं नाव कानामुळे झालं त्याने बहिरा झालो म्हणून कसं सांगायचं, ते मला जमलं नाही.

तुझा दुसरा लाल शेरा माझा आहे. ते नासलेलं दूधही माझंच. गाडी घेतल्याचा मला कधीच राग नव्हता. तुझ्या आईने सांगितलं तेव्हा मी स्टँडवर चार जणांना चहा पाजला होता.

आता पुन्हा पहिल्यापासून. आवाजाचं काही लिहू नको. डोळ्यांना दिसलं आणि हाताला लागलं तेवढंच लिही. आठवडाभर रोज बघ. आदल्या संध्याकाळी गाडी कोणी लावली, कुठे लावली, तिचं तोंड कुठे होतं, खाली काय दिसलं. तुला फालतू वाटेल तेही लिही. फिल्टरवर एक हातपंप आहे, बोटाने दाबायचा. सेल्फ मारायच्या आधी तो दाब. मऊ लागतो की कडक? मऊ असेल तर कडक होईपर्यंत दाबत राहा, किती वेळा ते मोज, आणि मग सेल्फ मार.

लिहायचं की नाही ते आता तुझ्या मनावर.

मामा

*

परतवाडा
७ जानेवारी २०२५

मामा,

तुम्हाला ऐकू येत नाही हे वाचून मला आधी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली. पत्र वाचून मी बॉनेटवर डोकं टेकून रडले. सासूबाईंना वाटलं गाडीसाठी रडते आहे, त्यांनी दोघींची दृष्ट काढली. आता तुमचा राग नाही हे कळलं आहे, तर मी तुमच्याशी हवं तेवढं भांडणार आहे. सुरुवात म्हणून सांगते, घरात खरं सांगून टाका.

आता डोळ्यांचं आणि हाताचं. हातपंप सकाळी एकदम मऊ, आत काहीच नसल्यासारखा. गुरुवारी पंचवीस वेळा दाबल्यावर कडक झाला, आणि मामा, मी सेल्फ मारला तर गाडी लगेच सुरू! मी घाबरून किल्लीवरचा हातच काढला. शुक्रवारी पंचेचाळीस लागले. शनिवारी साठ. रविवारी आणि सोमवारी पंप आधीच कडक होता, दाबावाच लागला नाही, अर्थात किशोर घरी होते. आज मंगळवारी तब्बल नव्वद. अंगठा सुजला आहे आणि केंद्रावर पोचले तेव्हा सात अठ्ठावीस झाले होते. खुशालरावांनी पेनचं टोपण काढून ठेवलेलं होतं. हे दिवसेंदिवस वाढत गेलं तर याच आठवड्यात तिसरा शेरा नक्की.

गाडी अंगणातच लावतो, दुसरी जागाच नाही. मी लावते तेव्हा तिचं तोंड तुळशीकडे, म्हणजे घराकडे. हा सासूबाईंचा नेम आहे. लक्ष्मीने घराकडे पाठ करून उभं राहू नये म्हणतात. आमचं अंगण तुळशीकडे चढत गेलं आहे, त्यामुळे रोज चढावर नाक करून लावावी लागते, पण मी त्यांचं मोडत नाही. किशोर मोडतात. शनिवारी बाजारातून आणि रविवारी मित्रांकडून उशिरा आले की सरळ मागे घेत आत शिरतात, पाठ तुळशीकडे आणि नाक रस्त्याकडे. त्यावरून दर आठवड्याला मायलेकांचं भांडण.

पुठ्ठा रोज अंथरला. सगळे दिवस कोरडा. फक्त रविवारी आणि सोमवारी सकाळी पुढच्या डाव्या चाकाच्या मागे तळहाताएवढा ओला डाग होता. किशोर म्हणतात शेजाऱ्यांच्या मोटरसायकलचा असेल. गाडी तर त्याच दोन दिवशी उत्तम चालते, म्हणून मीही सोडून दिलं. तुम्ही फालतू वाटेल तेही लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.

रागिणी

*

अकोला
८ जानेवारी २०२५

रागिणी,

सगळं तूच लिहून दिलंस. मी फक्त दोन टोकं जोडतो.

तुझी गाडी हवा घेते. टाकी मागे आहे, इंजिन पुढे. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळीत कुठेतरी बारीक भोक आहे. इंजिन त्या नळीतून डिझेल ओढून घेतं, म्हणून गाडी चालू असताना भोकातून थेंब बाहेर पडत नाही, उलट हवा आत शिरते. तू चढावर नाक करून लावतेस. मग रात्रभरात भोकातून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल उतारावरून मागे टाकीत परत जातं. सकाळी इंजिन रिकामी नळी ओढत बसतं. खाली थेंब नाही म्हणून आपण सगळे गळती नाही म्हणालो, मी पण.

किशोरराव उलटी लावतात. तेव्हा टाकी वर आणि भोक खाली. डिझेल मागे जाऊच शकत नाही, ते भोकातून थोडं थोडं बाहेर ठिबकतं. नळी मात्र सकाळपर्यंत भरलेली राहते. म्हणून डागही त्याच दिवशी आणि अर्धा सेल्फही त्याच दिवशी. किशोररावांच्या हातात काही जादू नाही, त्यांना उशिरा येऊन गाडी वळवायचा कंटाळा आहे एवढंच. गाडी बाईचं ऐकत नाही असं नाही. तू सासूचं ऐकतेस, त्याची ही शिक्षा आहे. हे गल्लीत मोठ्याने सांग.

पत्र मिळताच इंजिन बंद करून, गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून खाली शिर. डाव्या चाकामागे चौकटीच्या कडेने रबरी नळी जाते. ही ओढीची नळी आहे, हिला हात लावायला हरकत नाही. आधी पूस, मग बोटं फिरवत जा. कुठे काही घासतं का, कुठे काही आवळलेलं आहे का, बघ. नळी बदलेपर्यंत गाडी उलटीच लाव, खाली परात ठेव आणि जवळपास दिवा-उदबत्ती अजिबात नको. सासूबाईंना कसं सांगायचं ते तुझं तू बघ.

मामा

*

परतवाडा
१२ जानेवारी २०२५

मामा,

बसा आणि चहा घ्या, मग वाचा.

गुरुवारी दुपारी मी गाडीखाली शिरले. तुम्ही सांगितलं त्याच जागी हात घातला आणि हातात काय आलं असेल? एक लिंबू आणि सात मिरच्या. त्याच्या वर नळीला तारांचे वेढे, एकावर एक. मोजले, नऊ होते. काही गंजलेले, काही नवे, पिळून पिळून आवळलेले. खालच्या तारेने रबर कापत नेलं होतं आणि तिथे ओलसर काळी चीर होती.

मी काम धरलं तेव्हा सासूबाईंनी गाडीच्या नाकाला लिंबू-मिरची बांधली होती. किशोरांनी चेष्टा केली आणि काढून टाकली. तेव्हापासून दर शनिवारी मी आंघोळीला गेले की त्या चाकावरून हात घालून कोणाला दिसणार नाही अशा जागी बांधत होत्या. जुनं लिंबू नेमाने चौकात टाकायच्या, पण पिळलेली तार हाताने सुटत नसे, म्हणून ती तिथेच. नऊ शनिवार, नऊ तारा.

मी खालून निघाले तेव्हा त्या तुळशीपाशीच उभ्या होत्या. माझ्या हातातलं लिंबू पाहिलं आणि खाली बसल्या. मी नळीची चीर दाखवली. मग म्हणाल्या, ‘मी तं तुह्या गाडीले नजर लागू नये म्हणून बांधत होती वं. तुले दोन लाल शेरे माह्याच हातानं भेटले काय?’

माझ्या मनात राग आला होता, खोटं सांगत नाही. दुधाच्या कॅन ओतल्या ती सकाळ आठवली. पण या घरात माझी गाडी टिकावी म्हणून चोरून काही करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मी म्हटलं, एक शेरा तुमचा आणि एक अकोल्याच्या मामांचा, माझा एकही नाही. मग त्या हसल्या.

त्या मापाची नळी इथे मिळाली नाही. किशोरांना फोन करून अमरावतीहून आणायला सांगितली, म्हणजे शनिवारी येणार. तारा कापल्यावर चीर आणखी उघडली होती, हातपंपाने काही झालं नसतं. दोन सकाळी निभवायच्या तर गाडी उलटी लावायला हवी होती. मला विचारायचा धीर होईना. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे नाक तुळशीकडे करून आत घेऊ लागले तर सासूबाई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘फिरव तिले. पाठ तं पाठ. लक्ष्मी वेळेवर बाहेर गेली तं घरी येईन.’

शुक्रवारी सकाळी त्यांनी दिवा तुळशीपाशीच ठेवला आणि गाडीच्या मागच्या फळक्याला नुसतं हळदीकुंकू लावलं. परातीत वाटीभर डिझेल साचलं होतं. गाडी अर्ध्या सेल्फात सुरू झाली. सात वाजून पाच मिनिटांनी मी केंद्रावर होते. शनिवारीही तसंच.

आता किशोरांचं. शनिवारी नळी घेऊन आले. मी त्याआधी मुद्दाम गाडी तुळशीकडे तोंड करून तीन तास उभी ठेवली होती. किल्ली त्यांच्या हातात दिली, म्हटलं जरा सुरू करून द्या. गल्ली जमली होती, कारण शकुनला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी अकरा वेळा सेल्फ मारला. गाडी नुसती खोकत राहिली. मग त्यांनी किल्ली मला परत दिली, आणि या वेळी हसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, ‘अंजनगाववाल्याले नाही म्हणून सांगतो.’ मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

नवी नळी मीच बसवली, मिस्त्री फक्त बाजूला उभा होता. आज रविवारी गाडी तुळशीकडे तोंड करून उभी होती, खाली पुठ्ठा कोरडा, पंप कडक, अर्धा सेल्फ. लिंबू-मिरची आता आरशाला आहे, दोऱ्याने.

मामा, तुम्ही अंगणात आला नाहीत, गाडीला हात लावला नाहीत, आवाज ऐकला नाहीत, आणि भोक सापडलं. तुमचं नाव कानामुळे झालं असेल, पण काम डोक्यातून होत होतं. आता घरी सांगा.

रागिणी

*

अकोला
५ फेब्रुवारी २०२५

रागिणी,

तुझी बातमी पुंजाजीने मला तिकिटाच्या मागे लिहून दिली. ‘वर्षभराचं काम पक्कं. खुशालराव स्वतः चहा पाजत होते.’ हल्ली तो मला सगळं लिहूनच देतो. त्याच्या खिशातली तिकिटं माझ्यामुळे संपतात म्हणून आगारात बोलणी खातो.

घरी सांगितलं. संक्रांतीला नितेश आणि आचल दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही. आचलने पाटीवर लिहिलं, ‘बाबा, आम्हाले दीड वर्षापासून माहीत हाये.’ मी सांगेपर्यंत काही बोलायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. दीड वर्ष मी त्यांना फसवतो आहे असं समजत होतो. ज्याने दुसऱ्यांच्या गाड्यांचा खोटेपणा चाळीस वर्षं पकडला, त्याला स्वतःच्या घरात काही कळलं नाही.

नितेश मला डॉक्टरकडे घेऊन गेला. उजव्या कानात मशीन बसवलं आहे. सगळं येत नाही, भांड्यांचा आवाज फार येतो आणि सुनेचा कमी. पण येतं.

मशीन बसवून घरी आलो आणि पहिली गोष्ट ही केली की नितेशला तुझा तो डिसेंबरातला आवाज लावायला सांगितला. सेल्फ फिरला. इंजिन पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं, पुन्हा सोडतं. हवा घेते, दुसरं काही नाही. तेव्हा ऐकला असता तर मिनिटात सांगितलं असतं आणि तुला एक लाल शेरा कमी बसला असता. त्याचं मला वाईट वाटतं, ते कायम वाटेल.

मग सासूबाईंची घंटी आली. आणि शेवटी तू, जे ऐकू नका म्हणालीस ते. गाडीशी बोलते आहेस. ‘चाल नं वं माय. मामा ऐकून राह्यले तिकडं. इज्जत ठेव आपली.’

तो आवाज मी सात वेळा ऐकला. गाडीचं दुखणं पहिल्याच वेळी कळलं होतं. बाकीच्या सहा वेळा तुझ्यासाठी ऐकला.

आता फोन कर. मी उचलेन.

मामा